हरवलेले चौदा महिने

पहिल्या खर्ड्यात माझा नायक समुद्रकिनाऱ्यावर शुद्धीवर आला होता. डोक्याला जखम, खिशात एक किल्ली, आणि स्वतःचं नाव आठवत नाही. साठ पानं झपाट्याने झाली. एकसष्टाव्या पानावर दारावर थाप पडते, आणि तिथे मी तीन महिने अडकले. थाप ऐकून त्याने पळावं, लपावं की दार उघडावं, हे मला ठरवता येईना. ज्याला मागचं काहीच आठवत नाही त्याला भीती कुणाची वाटणार, आणि ओढ तरी कुणाची? त्याच्या मागावर माणसं होती, बंदुका होत्या, एका मंत्र्याच्या बंगल्यात शिजलेला कट होता. नायक मात्र आतून रिकामा होता. मी त्याला पळवत होते म्हणून तो पळत होता.

त्या साठ पानांतलं एकही वाक्य शेवटच्या खर्ड्यात उरलेलं नाही. मधे चार वर्षं गेली. त्या चार वर्षांत काय काय करावं लागलं ते इथे लिहिते आहे. अशी कथा लिहायला बसलेल्या कुणाशी तरी बोलायला मिळावं असं मला तेव्हा फार वाटायचं, आणि तसं कुणी भेटलं नाही.

राजकीय कटाच्या आणि स्मृती हरवलेल्या माणसांच्या गोष्टी मी शाळेत असल्यापासून वाचत आले. साध्या रहस्यकथेत गुन्हा करणारा एक असतो आणि शोध घेणारा दुसरा. इथे दोघं एकाच कातडीत राहतात. शिवाय तिसरा कुणीतरी असतो, ज्याला हा शोध लागायला नको असतो, आणि त्याच्या हातात पोलीस, फायली, कचेऱ्या, सगळं असतं. वाचताना मला ह्या तिघांची ओढाताण जाणवायची. लिहायला बसल्यावर मात्र मी फक्त पाठलाग लिहीत होते.

अडकल्यावर पहिलं काम केलं ते जुनं वाचलेलं पुन्हा वाचण्याचं, ह्या वेळी वही घेऊन. रॉबर्ट लडलम यांची, जेसन बॉर्न ह्या नायकाची पहिली कादंबरी १९८० सालची. भूमध्य समुद्रातून कोळ्यांनी बाहेर काढलेल्या माणसाला हळूहळू खात्री पटत जाते की आपण भाडोत्री मारेकरी आहोत. शेवटी कळतं की ती ओळखच बनावट होती, कार्लोस नावाच्या दहशतवाद्याला बिळाबाहेर काढण्यासाठी रचलेली. २००२ सालच्या चित्रपटात कार्लोस नाहीच. तिथे मारेकरी ही ओळख खरी आहे, आणि मारायला पाठवणारी त्याच्याच देशाची गुप्तचर यंत्रणा आहे. २००७ सालच्या तिसऱ्या चित्रपटात तर कळतं की ह्या कामासाठी तो स्वतःहून पुढे आला होता.

वहीत मी तीन ओळी एकाखाली एक लिहिल्या. 'तो मी नव्हतो.' 'तो मीच होतो, पण मला पाठवलं होतं.' 'तो मीच होतो, आणि मी हो म्हटलं होतं.' बराच वेळ त्या ओळींकडे बघत बसले. खरा थरकाप तिसऱ्या ओळीत होता. माझा नायक पहिल्या ओळीच्याही अलीकडे उभा होता. मी त्याला इतका स्वच्छ ठेवला होता की त्याच्या भूतकाळात सापडण्यासारखं काही नव्हतंच.

मग ओळखीच्या ओळखीतून मेंदूविकारांच्या एका डॉक्टरांना भेटले. त्यांनी माझी साठ पानं वाचून ठेवली होती, ह्याबद्दल मी त्यांची कायमची ऋणी आहे. बसल्या बसल्या त्यांनी विचारलं, "ह्याला बोलता येतं, हिशेब येतो, कालचं आज आठवतं. फक्त नाव आणि मागचं सगळं आयुष्य गेलं. डोक्याला मार लागून असं कसं होईल?"

"कथांमधे असंच असतं," मी म्हटलं.

"माझ्याकडे येणारे पेशंट ह्याच्या उलट असतात. नाव सांगतात, शाळा सांगतात, लहानपणीच्या घराला किती खिडक्या होत्या ते सांगतात. आज सकाळी काय झालं ते त्यांना सांगता येत नाही."

त्या दिवशी अडीच तास मी लिहून घेत होते. मार बसतो तेव्हा सहसा मार बसण्याच्या आसपासचं जातं. कधी काही तास, कधी काही महिने. जितकं जुनं तितकं टिकतं. रिबो ह्या फ्रेंच मानसशास्त्रज्ञाने १८८१ मध्येच हे मांडून ठेवलं होतं. आणि पुन्हा डोकं आपटलं की सगळं परत येतं, ही गोष्ट डॉक्टरांनी फार गंभीरपणे खोडून काढली. दुसऱ्या माराने नुकसान वाढतं. माझ्या कथेच्या आराखड्यात तो दुसरा मार होता, विसाव्या प्रकरणात. घरी येऊन मी ते प्रकरण बाजूला काढलं.

त्यांनीच मला हेन्री मोलेसनबद्दल वाचायला सांगितलं. फेफऱ्यावर उपाय म्हणून १९५३ मध्ये, वयाच्या २७ व्या वर्षी, त्याच्या मेंदूचे दोन्ही बाजूंचे काही भाग शस्त्रक्रियेने काढले गेले. नव्या आठवणी साठवायला लागणाऱ्या हिप्पोकॅम्पस ह्या भागाचा मोठा हिस्सा त्यात गेला. फेफरं कमी झालं, पण नवं काही साठेनासं झालं. माणूस खोलीबाहेर जाऊन परत आला की त्याला तो नवाच. पुढे ५५ वर्षं तो असा जगला, आणि २००८ मध्ये तो वारल्यावरच त्याचं पूर्ण नाव जगाला कळलं. तोवर संशोधनात तो फक्त दोन आद्याक्षरं होता. ब्रेंडा मिल्नर ह्या मानसशास्त्रज्ञ बाईंनी त्याला आरशात बघून चांदणीची आकृती गिरवायला दिली होती. रोज तो म्हणे, हे मी पहिल्यांदाच करतोय. आणि रोज त्याचा हात आदल्या दिवसापेक्षा सफाईने चाले. डोक्याला माहीत नसलेलं हाताला माहीत होतं.

ह्या एका प्रयोगाने माझी कादंबरी बदलली. स्मृती गेलेला नायक मारामारीत पटाईत निघतो, हे दृश्य मी अनेकदा पाहिलं होतं आणि ते मला थोडं सोयीस्कर वाटायचं. त्याच्या मुळाशी असं पक्कं काही आहे हे तेव्हा कळलं. पण मला लढवय्या नको होता. मी विचार करत राहिले की राजकीय कटात खरं कौशल्य कुणाच्या हातात असतं. गोळी झाडणारा शेवटचा असतो. त्याच्याआधी कुणीतरी टिपणी लिहितो, पान लावतो, फाइल बांधतो. दुसऱ्या खर्ड्यात माझा नायक कमांडो राहिला नाही. तो सचिवालयातला अधिकारी झाला. एका अनोळखी कचेरीत बसलेला असताना समोरच्या सुट्या कागदांकडे त्याचे हात जातात. कोपरे जुळवतात, भोकांतून नाडी ओवतात, आणि एक विशिष्ट गाठ मारतात, जी सैल होत नाही पण एका ओढीत सुटते. समोर बसलेला कारकून ती गाठ बघतो आणि उठून उभा राहतो. हे दृश्य लिहिताना माझ्याच अंगावर काटा आला होता.

आणि मी त्याचं नाव त्याला परत दिलं. माझ्या नायकाला नाव माहीत आहे, बालपण माहीत आहे, नोकरीला कधी लागला तेही माहीत आहे. गेलेत ते अपघाताआधीचे चौदा महिने. नाव विसरण्याचा प्रकार जगात नाही असं नाही. अमेरिकेतल्या र्‍होड आयलंडचा अँसेल बॉर्न नावाचा धर्मोपदेशक १८८७ च्या जानेवारीत बँकेतून ५५१ डॉलर काढून घरून निघाला, आणि पेनसिल्व्हेनियातल्या नॉरिसटाउनला ए. जे. ब्राउन ह्या नावाने छोटं दुकान चालवू लागला. १४ मार्चला तो घाबरून जागा झाला. आपण कुठे आहोत हे त्याला कळेना. मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स यांनी १८९० मध्ये त्याला संमोहित केलं तेव्हा ब्राउन पुन्हा बोलला. पण हे माराने होत नाही, मनाने होतं, आणि फार क्वचित होतं. माझ्या कथेला ते नको होतं. स्वतःचं नाव पक्कं माहीत असलेला, चांगला, सुशिक्षित माणूस, आणि त्याच्या आयुष्यात मधेच चौदा महिन्यांचं रिकामं कपाट. एकसष्टाव्या पानावरची थाप मी पुन्हा लिहायला घेतली, आणि ह्या वेळी तो घाबरला. त्या चौदा महिन्यांत आपण काय केलं असेल ह्याची त्याला भीती वाटली. प्रकरण एका बैठकीत झालं.

ह्यानंतरचं वर्ष राजकारणाच्या बाजूवर गेलं, आणि ते सगळ्यात जड गेलं. माणसाची स्मृती पुसण्याचा प्रयत्न सरकारने खरोखर केलाय का, हा माझा प्रश्न होता. उत्तर वाचून मी कित्येक दिवस लिहू शकले नाही. अमेरिकेच्या सीआयएने १९५३ मध्ये एमके-अल्ट्रा नावाचा गुप्त कार्यक्रम सुरू केला. कोरियाच्या युद्धात पकडलेल्या सैनिकांचं शत्रूने 'ब्रेनवॉशिंग' केलं अशी भीती पसरलेली होती, आणि तशीच विद्या आपल्याकडेही हवी असं त्यांना वाटत होतं. ह्या पैशातला काही भाग कॅनडात माँट्रियलच्या एका मनोरुग्णालयात युएन कॅमेरॉन ह्या नामवंत मनोविकारतज्ज्ञाकडे गेला. तो रुग्णांना औषधं देऊन कित्येक दिवस, कधी आठवडे झोपवून ठेवी, नेहमीपेक्षा कितीतरी जास्त विजेचे झटके देई, आणि टेपवरचं एकच वाक्य हजारो वेळा ऐकवी. जुनं मन पुसून नवं लिहिता येईल असा त्याचा हिशेब होता. पुसलं गेलं. नवं काही लिहिलं गेलं नाही. चिंता, उदासी असल्या तक्रारी घेऊन आलेल्या बायका-पुरुषांना आपली मुलं ओळखता येईनात. १९९२ मध्ये कॅनडाच्या सरकारने अशा ७७ जणांना प्रत्येकी एक लाख डॉलर दिले.

त्या बायकांबद्दल वाचताना मला माझ्या पहिल्या साठ पानांची खरोखर लाज वाटली. विस्मृती मी कथानकाला गती देणारी युक्ती म्हणून वापरली होती. कुणाचं तरी सगळं आयुष्य त्या युक्तीखाली चिरडलं गेलं होतं.

एमके-अल्ट्राची गोष्ट तिथेच संपत नाही, आणि मला हवं होतं ते पुढे सापडलं. १९७३ मध्ये सीआयएचे प्रमुख रिचर्ड हेल्म्स यांनी ह्या कार्यक्रमाच्या फायली नष्ट करण्याचा आदेश दिला. दोन वर्षांनी सेनेटर फ्रँक चर्च यांच्या अध्यक्षतेखालची सेनेटची समिती चौकशीला बसली तेव्हा दप्तर रिकामं होतं, आणि आठवणारे फार कमी. मग १९७७ मध्ये सुमारे वीस हजार कागद सापडले. ते बचावले होते, कारण ते हिशेबाच्या फायलींत दुसरीकडे ठेवलेले होते. प्रयोगांची नोंद नष्ट केली गेली आणि खर्चाची नोंद शिल्लक राहिली.

मी रात्री साडेबाराला उठून दिवा लावला आणि एका कार्डावर लिहिलं: 'भत्त्याचं बिल.' माझ्या कादंबरीत एका बंदरावर कामगारांवर गोळीबार होतो. आदेश कुणी दिला त्याची फाइल जळलेली असते. पण ज्या अधिकाऱ्याने तो आदेश तिथे पोचवला त्याने त्या दोन दिवसांचा प्रवासभत्ता घेतलेला असतो. बिल लेखा शाखेत असतं. त्यावर तारीख असते, गाव असतं, आणि सही असते.

ह्याच काळात इराण-कॉन्ट्रा प्रकरण वाचलं, म्हणजे अमेरिकी सरकारातल्या माणसांनी इराणला गुपचूप शस्त्रं विकून त्यातला पैसा निकाराग्वातल्या कॉन्ट्रा बंडखोरांकडे वळवल्याचं प्रकरण. १९८६ च्या नोव्हेंबरात व्हाइट हाउसच्या एका कचेरीत कागद यंत्रात घालून बारीक केले गेले, आणि पुढच्या वर्षीच्या सुनावणीत एकामागून एक माणसांना आठवेनासं झालं. बॉर्नच्या २००२ च्या त्या चित्रपटाचे दिग्दर्शक डग लायमन यांचे वडील आर्थर लायमन हे ही सुनावणी घेणाऱ्या सेनेट समितीचे मुख्य वकील होते. हे कळल्यावर कार्लोस का गेला आणि त्याच्या जागी नायकाची स्वतःचीच यंत्रणा का आली, हे मला माझ्यापुरतं उमगलं. ज्या घरात बाप दिवसभर साक्षीदारांना 'आठवतं का?' असं विचारून परत येतो, त्या घरातला मुलगा विस्मृतीची गोष्ट परक्या शत्रूभोवती रचणार नाही.

आता मराठीबद्दल. ही कथा मी मराठीत लिहीत होते आणि मराठीने मला जे दिलं ते दुसऱ्या कुठल्याही भाषेत मला मिळालं नसतं.

दुसरा खर्डा मोठ्याने वाचताना नायकाचं एक साधं वाक्य खटकलं: 'मी इथे यायचो.' अपघातानंतर तो प्रथमच त्या बंदरावर गेलाय आणि त्याच्या तोंडी हे वाक्य. यायचो, बसायचो, भेटायचो. त्या चौदा महिन्यांबद्दल बोलताना त्याला रीतिभूतकाळ वापरण्याचा हक्कच नव्हता. वारंवार केलेल्या गोष्टीचा काळ आहे तो, सवयीचा काळ. मी सगळं हस्तलिखित त्यासाठी चाळलं आणि जिथे जिथे त्याने त्या महिन्यांसाठी हे रूप वापरलं होतं ते काढलं. फक्त एका जागी ठेवलं, दोनशे बाराव्या पानावर. चहाच्या टपरीसमोर उभा असताना तो सोबतच्या बाईला म्हणतो, "इथे फार थांबायचो नाही मी." दोघंही गप्प होतात. त्याला काहीच आठवलेलं नसतं. क्रियापदाला आठवलेलं असतं.

मग 'तू' आणि 'तुम्ही'. नायकाला सगळे 'तुम्ही' म्हणतात, तो अधिकारीच आहे. मंत्र्याचा सचिव, ज्याला तो अपघातानंतर प्रथमच भेटतोय असं दोघंही दाखवतायत, तो बोलण्याच्या भरात एकदा म्हणतो, "तू बस रे." लगेच सावरतो, "बसा." पण शब्द गेलेला असतो. इतकी जवळीक चौदा महिन्यांत झाली असेल तरच तोंडातून असा 'तू' निसटतो.

सगळ्यात मोठी गाठ मात्र 'आम्ही' आणि 'आपण' ह्यांच्यात होती. 'आम्ही'त समोरचा माणूस धरलेला नसतो, 'आपण'मधे असतो. तिसऱ्या खर्ड्यात तोच सचिव, पुढे, चिडून म्हणतो, "त्या रात्री आपण काय ठरवलं होतं?" आधीच्या खर्ड्यात मी 'आम्ही' लिहिलं होतं, आणि ते दृश्य सांगण्यापुरतं होतं, निर्जीव. एक शब्द बदलला आणि नायक त्या खोलीत जाऊन बसला. मी पुढे काही स्पष्टीकरण दिलं नाही. मराठी वाचकाला ते लागणार नाही ह्याची मला खात्री होती.

आणखी एक गोष्ट बऱ्याच उशिरा ध्यानात आली. आपण 'मला आठवतं' म्हणतो आणि 'मी विसरलो' म्हणतो. आठवण माणसाकडे येते, त्याच्या हातात काही नसतं. विसरण्याचा कर्ता मात्र माणूस स्वतः. ही जाण आल्यावर मी चौकशी आयोगासमोरची सगळी दृश्यं पुन्हा लिहिली. त्यात मंत्री कधीच 'मी विसरलो' म्हणत नाही. तो प्रत्येक वेळी 'मला आठवत नाही' म्हणतो. नायक मात्र एकदा चुकून 'विसरलो' म्हणून जातो, आणि वकील त्याच शब्दाला धरून त्याला उलटंसुलटं विचारतो.

त्या वकिलाचे प्रश्न लिहिण्यासाठी मला स्मृतीचा अभ्यास करणाऱ्या मानसशास्त्रज्ञ एलिझाबेथ लॉफ्टस यांच्या प्रयोगांचा उपयोग झाला. १९७४ मध्ये त्यांनी आणि जॉन पामर यांनी विद्यार्थ्यांना गाड्यांच्या अपघाताची फिल्म दाखवली. काहींना विचारलं, गाड्या एकमेकींना लागल्या तेव्हा वेग किती होता. काहींना विचारलं, गाड्या एकमेकींवर जोरात आदळल्या तेव्हा वेग किती होता. आठवड्यानंतर विचारलं की फुटलेली काच दिसली होती का. फिल्ममधे काच फुटलेलीच नव्हती. 'लागल्या' ऐकलेल्या ५० पैकी ७ जणांनी हो म्हटलं, 'आदळल्या' ऐकलेल्या ५० पैकी १६ जणांनी. म्हणजे नुसत्या क्रियापदाने डोळ्यांसमोर काच येते.

हे कळल्यावर मी कादंबरीतली सगळी तिरप्या ठशातली स्मृतिदृश्यं काढून टाकली. ती अकरा होती. सिनेमासारखी, पूर्ण, रंगीत. लिहायला फार आवडली होती मला ती. पण आठवण अशी पेटीतून काढल्यासारखी परत येत नाही. माणूस ती दरवेळी नव्याने जुळवतो, आणि जुळवताना आजूबाजूला पडलेलं काहीही वापरतो. नायकाला आता फक्त तुकडे मिळतात, आणि त्यातले काही वकिलाने नकळत त्याच्या हाती ठेवलेले असतात. कुठला तुकडा कुणाचा, हे वाचकाला ठरवावं लागतं. पाठलागाची तीन प्रकरणं गेली तरी कथेचा ताण वाढला, कारण धोका आता नायकाच्या डोक्याच्या आत आला होता.

कामाच्या पद्धतीबद्दल थोडंसं. मी दोन रंगांची कार्डं वापरली. पिवळ्यांवर जे घडलं ते, घडलं त्या क्रमाने. पांढऱ्यांवर नायकाला जे कळतं ते, कळतं त्या क्रमाने. प्रत्येक पांढऱ्या कार्डामागे वाचकाला ह्या क्षणी काय माहीत आहे आणि सचिवाला काय माहीत आहे हे लिहिलेलं. पिवळी कार्डं एकदा पक्की झाल्यावर त्यांना हात लावायचा नाही, हा नियम मी दोनदा मोडला आणि दोन्ही वेळा महिनाभर पस्तावले. कट घडवणाऱ्यांनी काय केलं हे लेखकालाच डळमळीत असेल तर नायकाला सापडणारे धागेदोरेही डळमळीत निघतात.

तिसरा खर्डा मी माझ्या जुन्या संस्कृतच्या सरांना वाचायला दिला. ते वयाने ऐंशीच्या पुढचे. थरारकथा त्यांनी कधी वाचल्या नसाव्यात असं मला वाटत होतं. त्यांनी आठ दिवसांत वाचून परत केलं आणि म्हणाले, "हे दुष्यंताचं आहे, माहीत आहे ना तुला?"

मी शापाबद्दल, अंगठीबद्दल काहीतरी बोलले.

"ते कालिदासाचं. महाभारतातलं वाच. तिथे शाप नाही, अंगठी नाही. शकुंतला मुलाला घेऊन भर सभेत उभी राहते, आणि राजाला सगळं आठवतंय. 'स्मरन्नपि' असा शब्द आहे तिथे. आठवत असूनही. आणि तरी तो म्हणतो, 'न स्मरामि.'"

मी काहीच बोलले नाही. ते पुढे म्हणाले, "कालिदासाने राजाला वाचवलं. त्याला खरोखर विसरायला लावलं. तुझ्या गोष्टीत दोघंही आहेत. विसरलेला आहे आणि 'स्मरन्नपि' आहे. पण तू त्यांना एका सभेत उभं केलेलं नाहीस."

खरंच केलं नव्हतं. माझा मंत्री एका प्रकरणात साक्ष देत होता, नायक दुसऱ्या, मधे चाळीस पानं. नायकाची साक्ष त्याच्या एका मोठ्या भाषणाने संपत होती, ज्यात त्याला शेवटी सगळं आठवायचं आणि तो मंत्र्याकडे बोट दाखवायचा. ते भाषण मी चार वेळा घासूनपुसून लिहिलं होतं. आयोग हेलावतो, बाहेर लोक जमलेले असतात, वगैरे. सरांनी त्याबद्दल एक शब्दही काढला नाही, त्यावरूनच मला कळलं.

चौथ्या खर्ड्यात दोघांच्या साक्षी एकाच दुपारी, एकाच टेबलासमोर ठेवल्या. आधी मंत्री. आयोगाचे अध्यक्ष विचारतात, त्या रात्री बंदरावर आदेश पाठवला का. तो शांतपणे म्हणतो, "मला आठवत नाही." नंतर नायक येऊन त्याच खुर्चीवर बसतो. तोच प्रश्न. त्याचंही उत्तर तेच, शब्दन् शब्द तेच, आणि ते खरं आहे. लिहिताना मला भीती होती की दोघांच्या तोंडी एकच वाक्य आल्यावर फरक दिसणार नाही. मैत्रिणीला ती पानं वाचून दाखवली. तिने मधेच थांबवून विचारलं, "त्याला आता तरी आठवणार आहे ना?"

"नाही," मी म्हटलं.

"मग तो सुटला की. त्याला काही म्हणताच येणार नाही कुणाला."

ती असं म्हणाली आणि लेखा शाखेतलं ते बिल कुठे ठेवायचं हे मला दिसलं. तोवर ते मी मधल्या एका प्रकरणात, नायक एकटा असताना, दप्तरखान्यात सापडवलं होतं. तिथून काढून ते अध्यक्षांच्या हातात दिलं. अध्यक्ष ते टेबलावरून नायकापुढे सरकवतात. दोन दिवसांचा भत्ता, बंदराचं नाव, तारीख. प्रवासाचं कारण ह्या रकान्यात त्याच्याच अक्षरात दोन शब्द आहेत: 'संदेश पोचवणे.' खाली सही. तो बराच वेळ कागद बघतो. त्याचा अंगठा सहीवरून एकदा फिरतो. मग तो म्हणतो, "मला आठवत नाही. पण सही माझी आहे. मीच गेलो होतो."

ह्या वाक्यापुढे मोठं भाषण होतं, बाहेरची गर्दी होती, मंत्र्याचा उतरलेला चेहरा होता. सगळी मिळून बारा पानं. ती मी काढून टाकली, आणि हस्तलिखित तिथेच संपवलं.